खोडापासून चार बोटं

बिल्डिंगच्या मागे, ड्रेनेजचे पाइप आणि कंपाउंडची भिंत
यांच्यामध्ये साडेसहा फूट रुंद जमीन आहे.
मी मोजली आहे. तीस वर्षं विजेचे मीटर वाचणाऱ्याला
मोजल्याशिवाय काही दिसत नाही.
तिथे एक कढीपत्ता, दोन पपया,
पाइप गळतो त्या जागी अळू,
आणि सुलभाने लावलेला सोनटक्का,
तिच्यानंतर सहा उन्हाळे तग धरून.

मार्चात माती तडकते.
सकाळी सातला पाणी द्यावं
तर अकराला भेगा पुन्हा तोंड उघडून बसलेल्या.

कन्नमवार नगरच्या आमच्या कोपऱ्यावर
सुमन सोनकांबळे रोज बदामाची पानं जाळायची.
लाल, तळहाताहून मोठी, चामड्यासारखी पानं.
म्हटलं, मला द्या.
"कशाला?"
आच्छादन करायचंय, मी म्हणालो.
पुस्तिकेतला शब्द. नव्या कवळीसारखा
तोंडात नीट बसेना.
"पांघरूण म्हणा की," ती म्हणाली.
"आमच्याकडं वसमतला हळदीवर घालत्यात. पाचट, पळसाची पानं."
खराटा भिंतीला टेकवला तिने,
आणि पहिल्यांदा नीट बघितलं.
माझ्याकडे नाही, मातीकडे.

मग गोळा करत सुटलो.
रसवंतीवरून उसाची चिपाडं.
ती आधी दोन दिवस उन्हात वाळवायची,
नाहीतर मुंग्या वरात काढतात.
(काढली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.)
शहाळ्यांची सोडणं कोयत्याने चिरली,
अंगठ्याला एक टाका.
बदामाची पानं गोणीत भरून पायांनी चुरडली,
आवाज पापड मोडल्यासारखा,
वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकून पाहिलं.
सगळ्यात खाली रद्दीच्या ओल्या पट्ट्या.

आणि पुनर्विकासाचे कागद.
नऊ वर्षांत चार बिल्डर, चार फायली.
काळ्या शाईची साधी पानं सरळ फाटली.
पण एक माहितीपत्रक, ज्यात
माझ्या साडेसहा फुटांवर निळाशार पोहण्याचा तलाव आहे
आणि काठावर कुठलंसं गोरंपान कुटुंब हसतंय,
ते बाजूला ठेवावं लागलं.
चकचकीत कागद कुजत नाही.

सेक्रेटरी चुरींची नोटीस आली:
"मागील बाजूस कचरा साठवल्याबाबत."
साधा कागद, एकाच बाजूने छापलेला.
पपईखाली गेला.

सुमन बघायला आली, च्च केलं तिने.
"खोडाला चिकटवलंत की सगळं.
गळ्याशी गोधडी आवळतं का कुणी?
चार बोटं सोडा."
हातमोजे काढले, उकिडवी बसली,
एकेका बुंध्याभोवती गोल मोकळा करत गेली.
सोनटक्क्यापाशी जरा थांबली,
काही विचारलं नाही.
तिची चार बोटं माझ्या चार बोटांहून रुंद भरतात.
मी तिचं माप धरलं.

मे महिन्यात, दुपारी दोनला,
पाइपवर हात ठेववत नव्हता तेव्हा
पानं सारून मातीत बोट खुपसलं.
दुसऱ्या पेरापर्यंत गार.
एक गांडूळ उजेडाने वैतागून वळलं
आणि आत गेलं.
सवयीने खिशातलं पेन काढलं,
पण या आकड्याला रकाना कुठला ते सुचेना.

सही मी अजून केलेली नाही.
करीन. किंवा सगळ्यांनी केली म्हणून करावी लागेल.
सुमनला विचारलं,
हे पांघरूण किती दिवस पुरतं?
"पुरतं कुठं? माती खालनं खात जाते त्याला.
आपण वरनं घालत राहायचं."
आणि आणलेली गोणी रिकामी केली,
दोनदा झटकली,
घडी घालून माझ्या हातात परत दिली.